फक्कीचं म्युझियम

"ओ पावणे, भिंतीतून कुठं घुसायलाव? दरवाजा तिकडं हाय!"

लोह्यात शाळेच्या मैदानावरून रविवारी सकाळी ही हाक ऐकू आली की समजायचं, सरांचं म्युझियम उघडलं. भिंत म्हणजे जमिनीवर ओढलेली फक्कीची रेघ. कबड्डीचं मैदान आखतात तीच पांढरी फक्की. मैदानातून आडवा निघालेला माणूस दचकून थांबायचा, इकडंतिकडं भिंत शोधायचा, आणि सरांचा चेहरा बघून मुकाट्यानं वळसा घालून रेघेतल्या फटीतून आत यायचा. एकदा एक म्हैस तीन दालनं भेदून आरपार गेली. सर तिच्या मालकाला म्हणाले, "तुमच्या म्हशीनं आख्ख्या सतराव्या शतकाचं नुसकान केलं." मालकानं हात जोडले.

म्युझियम मात्र खरं होतं. अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात ते दगडी खांबांसह उभं होतं आणि अजूनही असेल. सरांच्या भाषेत, "शहर लातूरएवढं, पण रस्त्यावर माणसं लोह्याएवढी बी न्हाईत." तिथलं कलासंग्रहालय सरांनी पावलांनी मोजून, वहीत उतरवून आणलं होतं. दर रविवारी पहाटे उठून ते मैदानावर जसंच्या तसं अंथरायचे. पहिला मजला पूर्वेला, दुसरा पश्चिमेला, मधे जिन्याच्या बावीस आडव्या रेघा. त्या रेघांवरून नुसतं चालत गेलेलं सरांना खपायचं नाही. "पाय उचला की, जिना चढायलाव ना?" मग धोतरातले, पँटीतले, साडीतले लोक सपाट जमिनीवर गुडघे वर करत बावीस पायऱ्या चढायचे. वर पोहोचल्यावर एखाददुसरा खरोखर धापाही टाकायचा.

चित्र मात्र एकही नसायचं. सर रेघेजवळ उभे राहून हवेत हातानं चौकट दाखवायचे आणि सांगायला लागायचे.

सर आमचे चित्रकलेचे शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांचे पेपर तपासण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला ए, बी किंवा सी देण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली. एसटीतल्या सीटला सी, नायगावच्या बाजारातल्या माठांना बी. कानावर कायम एक पेन्सिल. कुणी समोर आलं की एक डोळा मिटून, हात लांब करून, ती पेन्सिल उभी धरून त्याचं माप घ्यायचं. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी मांडवात जाहीर केलं, "नवरदेव साडेसहा डोक्यांचाच हाय. एक डोकं कमी पडलं." माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट धरावी असं चित्रकलेच्या पुस्तकात आहे, हे मांडवात फक्त आम्हा विद्यार्थ्यांना माहीत होतं. नवरदेवाकडचे लोक मात्र अजून त्या वाक्यावर नाराज आहेत.

"बघायला फुरसत लागती," असं सर नेहमी म्हणायचे. "अक्कल मागून येती."

ही फुरसत त्यांना अमेरिकेत मिळाली. लेकीच्या बाळंतपणासाठी सर आणि काकू पाच महिने तिकडं गेले होते. जावई कामावर जाताना सरांना म्युझियमच्या पायऱ्यांशी सोडायचा आणि परतताना घेऊन यायचा. आत जायला तिकीट नव्हतं. "तिकीट न्हाई, पाणी फुकट, एसी फुकट, वरून बसायला बाकडं. आन एवढं सगळं असून माणसं न्हाईत! आपल्याकडं असतं तर लोकांनी साक्षगंधं उरकली असती तितं." सोमवारी म्युझियम बंद असायचं, म्हणून सरांना सोमवार आवडेनासा झाला तो कायमचा.

दालनं मोजण्यावरून त्यांना एकदा धरलंसुद्धा. डोक्याला माकडटोपी घातलेला एक म्हातारा रोज येतो, मोठ्यांदा काहीतरी मोजत भिंतीच्या कडेकडेनं चालतो आणि दरवाजे कुठं आहेत ते वहीत मांडून ठेवतो, हे पहारेकऱ्यांनी पंधरा दिवस पाहिलं आणि सोळाव्या दिवशी त्यांना ऑफिसात नेऊन बसवलं. जावयाला काम सोडून धावत यावं लागलं. तिथल्या बाईंनी विचारलं, हे मोजमाप कशासाठी? जावयानं सरांना विचारलं. सर म्हणाले, "सांग त्यांना, गावाकडं न्यायलो म्हणावं."

जावयानं हे नेमकं कसं सांगितलं माहीत नाही, पण बाई हसल्या आणि त्यांनी इमारतीचा छापील नकाशा सरांना भेट दिला. सरांनी तो तिथंच उघडला, पेन्सिल लावली आणि एक दरवाजा चुकीच्या जागी दाखवलाय हे दाखवून दिलं. बाईंनी जाऊन बघितलं. दरवाजा चुकलेलाच होता. "नकाशाला सी," एवढं इंग्रजीत सरांना येत होतं.

आता माझं सांगते. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. माझे वडील मोर्चांची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे काही खटकलं की मला पत्रक सुचतं. त्या वर्षी मी नांदेडला शिकत होते आणि रविवारी लोह्याला यायचे. सगळा गाव सरांमागं गुडघे उचलत फिरतोय हे बघून मला राहवलं नाही.

"सर, ही चित्रं विकत कुणी घेतली?" मी भर दालनात विचारलं. "गिरणीमालकांनीच ना? मग हे कौतुक कुणाचं चाललंय?"

"या लीडर," सर म्हणाले. ते मला लीडरच म्हणायचे. "घेतली मालकांनीच. पण रोज बघत कोण होतं? मी. तेबी फुकट. मग जितलं कोण?"

लोक हसले. मी पुढच्या रविवारी 'हे म्युझियम कुणाचं?' या मथळ्याचं पत्रक छापून दारावर, म्हणजे फटीशी, उभी राहिले. सरांनी रांगेत उभं राहून एक घेतलं, चष्मा कपाळावर सारून वाचलं आणि परत दिलं. "मजकूर बरा हाय. पण एका पानात एवढी उद्गारचिन्हं? ओरडायलीस कामून? बी." आणि मलाच घेऊन ते पुढच्या दालनात गेले.

खोटं कशाला बोलू, मला ते दालन आवडायचं. तिथं गव्हाच्या रानाचं चित्र होतं. सर हात पसरून सांगायचे, "हितून तितंपरेंत पिवळं. कापणी झालेली, पेंढ्या उभ्या. पण बांध कुठंच न्हाई."

"बांध न्हाई?" एका शेतकऱ्यानं विचारलं. "मग भावाभावांत भांडणं कशावरून करतेत?"

"चित्रात दाखवलं न्हाई ते," सर गंभीरपणे म्हणाले.

त्याच्या पुढं, दुसऱ्या मजल्यावर, निळं चित्र. नुसता निळा रंग. माझ्याहून उंच आणि दोन पैलवानांएवढं रुंद, बाकी काही नाही. तिथं एकदा स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवणारा सरांचा जुना विद्यार्थी पेटला. "ओ सर, म्या स्मरणचित्राच्या पेपरात आख्खा कागद हिरवा करून दिला व्हता. शेतच हाय म्हणलं. तुमी नापास केलाव मला! आन ह्यो नुसत्या निळ्यावर अमेरिकेत टांगला जातो?"

सरांनी बराच विचार केला. "तू फ्रेम न्हाई लावलीस," ते म्हणाले.

असं आख्खं लोहा ते म्युझियम बघून आलं. न आलेलं माणूस एकच, काकू. सरांचं घर मैदानापासून चार मिनिटांवर. दर शनिवारी संध्याकाळी सर विचारायचे, "उद्या येतीस का?" आणि काकू दर शनिवारी म्हणायच्या, "मला भांडी हायेत." सर दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझियम दाखवता दाखवता सारखे घराच्या रस्त्याकडं बघायचे. लोक पांगले तरी अर्धा तास रेघा पुसू द्यायचे नाहीत. त्यांना हे सगळं खरं तर एकाच माणसाला दाखवायचं होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मला वाटायचं, काकूंना चित्रांत गोडी नसेल. मी त्यांच्या घरी किती वेळा गेले होते! बाहेरच्या खोलीत सरांशी कला आणि भांडवल यावर वाद घालायचा आणि आतून आलेला चहा प्यायचा. चहा कोण आणून ठेवतंय याकडं माझं लक्ष नसायचं, आणि माझ्या पिशवीत त्या वेळी बायकांच्या श्रमावरचं पत्रक असायचं.

एका रविवारी मी गेले तेव्हा सर अजून मैदानावरच होते. काकू डाळ निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "काकू, तुम्हाला त्यातलं कोणतं चित्र आवडलं?"

"कोणतं चित्र? मी कुठं गेले माय."

"एकदाही नाही?"

"पहिले आठ दिवस ह्यांना घरात ठिवलं. बाळ झोपलं की हे पेन्सिल घेऊन त्याचं डोकं मोजायचे. पोर दचकून उठायचं. मग मीच जावयाला म्हणलं, बाबा, ह्यांना कुठंतरी नेऊन बसीव. तवा तो म्युझियमवर सोडायला लागला." काकूंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मला कुठली फुरसत? बाळाची मालिश, लेकीला शेक, डिंकाचे लाडू, तिचं पथ्याचं, जावयाचं बिगरपथ्याचं, आन ह्यांचा डबा. दोन भाकरी, पिठलं, ठेचा. चित्रं बघून भूक लागती म्हणं."

"पण मग शेवटी तरी?"

"एक दिवस ठरलं व्हतं. त्याच दिवशी बाळाला ताप आला. मग निघायचाच दिवस उगवला. विमानाला जाता जाता ह्यांनी गाडी हळू करायला लावली. म्हणले, बघ बघ, ते खांब. म्या खांब बघितले." आणि त्या परत डाळीकडं वळल्या.

माझं डोकं असं तापलं की नांदेडच्या गाडीत बसल्या बसल्याच पत्रक लिहून झालं. 'पाच महिने, एक बाळंतपण, शून्य चित्रं!' लाडू किती वळले असतील, भाकरी किती थापल्या असतील, सगळं त्यात होतं. कुणाचंही नाव नव्हतं, त्यामुळे मी तत्त्वाला धरून आहे अशी माझी समजूत होती. पुढच्या रविवारी मी ते दारावर वाटलं.

सरांनी नेहमीसारखं रांगेत उभं राहून घेतलं. चष्मा कपाळावर सारला. वाचलं. या वेळी ग्रेड दिली नाही. समोर वीसेक माणसं गव्हाच्या रानासमोर थांबली होती. सरांनी एवढंच म्हटलं, "आज म्युझियम लवकर बंद हाय," आणि फक्कीचा डबा न घेताच ते घराकडं चालू लागले. मला वाटलं, लढाई जिंकली.

दुपारपर्यंत काकूंचा निरोप आला. मी गेले. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, त्यावर तेलाचा डाग. भज्यांच्या गाड्यावरून ते कुणीतरी आणून दिलेलं.

"हे तू लिवलीस?"

"हो काकू. पण नाव नाही टाकलं तुमचं."

"नाव न्हाई टाकलं! लोह्यात अमेरिकेला बाळंतपण करून आलेल्या म्हाताऱ्या कितीक हायेत गं? दोन डझन?" काकूंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "माझं गाऱ्हाणं हाय. मी सांगंल न्हाईतर न्हाई सांगंल. त्याच्यात भजी बांधून खायचा गावाला काय अधिकार?"

"चुकलं काकू. पण अन्याय तर झालाच ना तुमच्यावर?"

"अन्याय म्हणं." त्यांनी कागद माझ्यापुढं टाकला. "लाडू मोजलीस, भाकरी मोजलीस. मी तितं पाच महिने काय बघितलं, ते तू बी न्हाई इचारलीस. तुला बी वाटतंय, मी आंधळी होऊन बसले व्हते तितं."

मी स्टँडपासून बाजारापर्यंत दुकानादुकानांत फिरून पत्रकं परत गोळा केली. पत्रक वाटण्यापेक्षा ते परत मागण्याला कितीतरी जास्त हिंमत लागते, हे त्या दिवशी कळलं. मोबाइलच्या दुकानातला तर म्हणाला, "ठिवतो की एक. सर नापास झालेले कागदावर कवा बघायला मिळतेत?" त्याच्याकडूनही घेतलं.

दोन रविवार म्युझियम भरलं नाही. सर ओट्यावर बसून असायचे. मी माफी मागायला गेले तर त्यांनी मला गप्प केलं. "खरंच लिवलीस की. माफी कशाची?" 'तू बी न्हाई इचारलीस' हे काकूंचं वाक्य सांगून टाकावं असं मला वाटत होतं, पण ते काकूंचं होतं. शेवटी मी एवढंच विचारलं, "सर, काकूंनी काय बघितलं तिथं?"

"ती कुठं गेल्ती बघायला? ती तर घरीच..."

वाक्य तिथंच राहिलं. कानावरची पेन्सिल काढायला गेलेला हातही तसाच अर्ध्यावर राहिला.

तिसऱ्या रविवारी मी मैदानावर पोहोचले तेव्हा रेघा ओढून झाल्या होत्या, इतक्या सरळ की तशा कधी पाहिल्या नव्हत्या. आणि फटीतून काकू आत येत होत्या. पदर खोचलेला, हात ओले, जणू भांडी अर्धवट ठेवून आल्यात. लोकांनी वाट करून दिली. सर पुढं, काकू मागं. सरांचा आवाज परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बावीस पायऱ्या पाय उचलून चढल्या. गव्हाच्या रानासमोर म्हणाल्या, "कापायला बाया दिसत न्हाईत कुठं." निळ्या चित्रासमोर त्या सगळ्यात जास्त थांबल्या आणि विचारलं, "ह्याच्यावरची धूळ कोण पुसतंय?" सरांना सांगता आलं नाही. पाच महिन्यांत त्यांनी ते बघितलं नव्हतं.

शेवटच्या दालनात सर थांबले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "झालं," ते म्हणाले. "आता... तू काय बघितलंस तितं?"

सगळं मैदान ऐकत होतं. काकूंनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "तो डबा द्या हिकडं."

फक्कीचा डबा घेऊन त्या म्युझियमच्या बाहेर, मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात गेल्या. वाकून, मुठीनं, रांगोळी घालावी तशी त्यांनी रेघ सोडली. लेकीचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा, न्हाणी. सरांच्या म्युझियमच्या एका दालनातही ते सगळं मावलं असतं. पण काकूंना पावलं मोजावी लागली नाहीत. एक रेघ चुकली नाही की पुसावी लागली नाही.

"या," त्या म्हणाल्या. आम्ही आत गेलो.

"हितं शेगडी. विजेची. जाळ दिसत न्हाई, म्हणून पहिल्या दिवशी हात भाजला. हितं पाळणा. हितून हितं चौदा पावलं. रातीला किती खेपा, ते ह्या लीडरला इचारा, तिनं मोजलंय." लोक हसले, मीही हसले. काकू पुढं सरकल्या. "आन ही खिडकी. हिच्यातून पलीकडची इमारत दिसायची. समोरच्या खिडकीत एक बाई. काळी, उंच, माझ्या लेकीएवढी. तिच्या बी खांद्यावर लेकरू. रोज दुपारी चारला ती तितं यायची, मी बी हितं यायची. ती लेकरू वर धरायची, मग मी आमचं धरायची. बघ, तुझं किती वाढलं, माझं किती वाढलं. बोलणं कवाच न्हाई झालं. पाच महिने. निघायच्या दिवशी मी पिशव्या दाखवल्या तिला, चालले म्हणून. तिनं दोन्ही हात काचेला लावले."

काकूंनी आपले दोन्ही हात हवेत, त्या नसलेल्या काचेला लावले. पाच महिने म्युझियममध्ये काढलेला माणूस त्या हातांकडं बघत होता, आणि पेन्सिल त्याच्या कानावरच राहिली.

"आन मी?" सरांनी हळूच विचारलं. "मी कुठं हाय ह्याच्यात?"

काकूंनी घरभर नजर फिरवली. मग डब्यातली चिमूटभर फक्की घेऊन ती घराच्या रेघेपलीकडं, बरीच लांब टाकली. "तितं. जावयाच्या गाडीत."

सर खरंच तिथं जाऊन उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण त्या चिमटीएवढ्या ठिपक्यावर हात जोडून उभा. लोकांना हसावं की काय करावं कळेना. काकू शेगडीपाशी वाकून काहीतरी हलवत असल्यासारखं करत होत्या, आणि ते बराच वेळ चाललं. ऊन तापायला लागलं. सर हलले नाहीत, आणि त्यांना बोलवायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

शेवटी काकूच पाठीमागं न बघता म्हणाल्या, "आवो, तितं काय उभे राहिलाव? बाळ उठलंय. घ्या की जरा."

सर दरवाजातून आत आले, पाळण्याजवळ गेले आणि त्यांनी वाकून दोन्ही हात पुढं केले.